पहिले एकवीस दिवस : तान्ह्या बाळातील सीएमव्ही संसर्ग
(अभ्यासपाठ : गावपातळीवर काम करणाऱ्या सेवक-सेविकांसाठी)



नवजात बाळाचा जंतुसंसर्ग हा विषय विदर्भाला नवा नाही. गावातल्याच बाईच्या हातून तो घरी ओळखता येतो आणि बाळ वाचवता येते, हे जगाला दाखवून दिले ते आपल्याच गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून तेथील खेड्यांत हा अभ्यास केला. ३९ गावांतील थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे आणि संसर्गाची लक्षणे दिसताच औषध व जेन्टामायसिनचे इंजेक्शन देणे, एवढे सगळे या बाया करू लागल्या. त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. घरच्या घरी उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी हा आकडा साडेपंचवीसवर आला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत नवजात बाळाच्या घरभेटी देशभर सुरू केल्या. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या दारात उभी राहते, त्याचे मूळ इथे आहे. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची भेट जास्तीची.

आधी नीट चोखणारे बाळ आता चोखत नाही, रडण्याचा आवाज क्षीण झाला, हातपाय ढिले पडले, अंग गार लागते, छाती आत ओढली जाते, ही लक्षणे आपल्या आशाताईंना पाठ आहेत. आज ज्या संसर्गाविषयी लिहायचे आहे, तो बहुतेक वेळा या यादीत सापडतच नाही. बाळ चोखते, रडते, वजनही वाढते. घरचे खूश असतात. आणि दोन-तीन वर्षांनी कळते की लेकराला ऐकू येत नाही.

या विषाणूचे नाव सायटोमेगॅलोव्हायरस. डॉक्टर त्याला सीएमव्ही म्हणतात, आपणही तसेच म्हणू. ज्या पेशीत हा शिरतो ती पेशी फुगून मोठी होते, म्हणून हे नाव पडले. कांजिण्यांचा विषाणू आणि ओठावर जर आणणारा विषाणू यांच्याच कुळातला हा. या कुळाची खोड अशी की एकदा अंगात शिरला की जन्मभर बाहेर जात नाही. नुसता निजून राहतो, आणि कधीतरी पुन्हा जागा होतो.

मोठ्या माणसाला याचा बहुधा पत्ताही लागत नाही. लहानपणी कधीतरी चार दिवस बारीक ताप, थोडी मरगळ, एवढेच. आपल्या देशात मूल होण्याच्या वयातील दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात या जुन्या संसर्गाची खूण सापडते. तो पसरतो लाळेतून, लघवीतून, आईच्या दुधातून, रक्तातून आणि शरीरसंबंधातून. घरातले एक-दोन वर्षांचे मूल हा त्याचा सर्वात मोठा वाहक. अशा मुलाच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू कित्येक महिने, कधी वर्षांपर्यंत असतो, आणि मूल मात्र अंगणात मजेत खेळत असते.

धोका असतो तो पोटातल्या बाळाला. गरोदरपणात आईला हा संसर्ग नव्याने झाला, किंवा जुना विषाणू जागा झाला, किंवा त्याच विषाणूचा दुसरा प्रकार अंगात शिरला, तर वारेतून तो बाळापर्यंत पोचू शकतो. संसर्ग घेऊनच जन्मलेले बाळ जगात साधारण दर शंभर ते दोनशे जन्मांमागे एक असते. म्हणजे वर्षाला पाचशे बाळंतपणे होणाऱ्या ग्रामीण रुग्णालयात अशी तीन ते पाच बाळे जन्मत असणार. त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात सापडत नाही, कारण कोणी तपासतच नाही.

या बाळांपैकी दहातली जवळपास नऊ जन्मताना अगदी ठणठणीत दिसतात. उरलेल्या एखाद्यात खुणा दिसतात. अंगावर न दाबता उमटलेले बारीक जांभळे-लाल ठिपके, लांबलेली कावीळ, यकृत आणि पाणथरी वाढल्याने फुगलेले पोट, दिवस पूर्ण भरूनही कमी वजन, लहान डोके, झटके. अशा बाळांतील निम्म्याच्या आसपास मुलांना पुढे कायमचे काही ना काही राहते : बहिरेपण, डोळ्यांच्या पडद्याची इजा, चालण्या-बोलण्यात व बुद्धीच्या वाढीत मागे पडणे. पण ठणठणीत दिसलेल्या बाळांनाही पूर्ण मोकळीक नाही. त्यांच्यातील शंभरामागे दहा ते पंधरा मुलांचे ऐकणे हळूहळू कमी होते. कधी एकाच कानाचे, कधी दोन्ही. कधी जन्मतः असते, कधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू होते. जन्माच्या वेळी कानाची तपासणी चांगली आली, म्हणून विषय संपला असे या आजारात म्हणता येत नाही.

आता जरा थांबून दोषाविषयी बोलू, कारण वॉर्डात बसलेल्या आईच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो. ग्रहणात भाजी चिरली का, नको ते खाल्ले का, कोणाची नजर लागली का. सासरचेही हेच विचारतात, आणि शहरातले शिकलेले लोकही वेगळ्या शब्दांत हेच विचारतात. येशूच्या शिष्यांनीसुद्धा जन्मांध माणसाकडे पाहून पाप कोणाचे, त्याचे की आईबापाचे, असा प्रश्न केला होता, आणि त्यांना मिळालेले उत्तर आपल्या वाचकांना माहीत आहे. वैद्यकशास्त्राचे उत्तरही इथे साधे आहे. ज्या देशात जवळजवळ प्रत्येक बाईला हा संसर्ग लहानपणीच होऊन गेला आहे, तिथे संसर्ग घेऊन जन्मलेल्या बहुतेक बाळांच्या आयांना तो गरोदरपणापूर्वीच झालेला असतो. स्वतःच्या थोरल्या लेकराचे नाक पुसले, त्याच्या ताटातला उरलेला घास खाल्ला, एवढाच तिचा अपराध. घरात हे असेच सांगावे, शक्यतो नवऱ्याच्या आणि सासूच्या समोर.

याच दोषाच्या भावनेवर एक धंदाही चालतो. गर्भपात झाला किंवा बाळ दगावले की बाईला ‘टॉर्च’ नावाची रक्ततपासणी लिहून दिली जाते. त्यात चार-पाच संसर्ग एकदम पाहतात, सीएमव्ही त्यातलाच एक. अहवालात ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ असे येते आणि घर हादरते. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला, बस्स. आपल्याकडे तो दहांत नऊ बायांचा येणारच. निव्वळ त्या एका ओळीवरून कोणतेही औषध सुरू करायचे नसते. ‘आयजीएम’ पॉझिटिव्ह आला तरी तोही खूप दिवस टिकून राहतो आणि कधी कधी चुकीचाही येतो, त्यामुळे पुढची तपासणी केल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामाचे पैसे अशा कागदांवर गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. तपासणी लिहून दिली तर ‘याने उपचारात काय बदलणार आहे?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारायचा हक्क बाईला आहे, आणि तिला शब्द सुचत नसतील तर आपण सोबत असावे.

दुधाचेही स्पष्ट करून टाकू. हा विषाणू आईच्या दुधातून येतो हे ऐकून कोणी अंगावरचे पाजणे बंद करील, तर त्या बाळाचे सीएमव्हीपेक्षा कितीतरी मोठे नुकसान होईल. पूर्ण दिवसांच्या बाळाला दुधातून हा संसर्ग झाला तरी त्याला बहुधा काहीही होत नाही, कारण दुधासोबत आईची संरक्षक द्रव्येही त्याला मिळत असतात. फार आधी जन्मलेल्या, दीड किलोच्या आतल्या बाळाला क्वचित त्रास होऊ शकतो, पण ते बाळ रुग्णालयातच असते आणि त्याच्या दुधाचा निर्णय तिथले डॉक्टर घेतात. तिथेही आईचे दूध हेच पहिल्या पसंतीचे. गावपातळीवर आपला निरोप एकच : पाजत राहा.

आता मुख्य मुद्दा. बाळाला संसर्ग पोटात असतानाच झाला होता का, हे ठरवायची मुदत फक्त एकवीस दिवस आहे. या दिवसांत बाळाच्या लघवीची किंवा लाळेची पीसीआर तपासणी करून विषाणू सापडला, तर तो पोटातूनच आला. त्यानंतर सापडला तर तो दुधातून आला की पोटातून, हे साध्या तपासणीने सांगता येत नाही. लाळ घ्यायची तर पाजल्यानंतर निदान तासभर थांबून घेतात, नाहीतर दुधातला विषाणूच कापसाला लागतो. लाळेत सापडल्यास लघवी तपासून खात्री करतात. त्यासाठी बाळाला लघवीची पिशवी चिकटवली जाते, सुई नसते, हे आईला आधीच सांगावे.

आशाताईच्या भेटींचे दिवस पुन्हा पाहा. तीन, सात, चौदा, एकवीस. एकविसाव्या दिवशी शंका आली तर उशीर झाला. भामरागड किंवा धारणीकडच्या गावातून निघून नागपूरच्या मेडिकलपर्यंत पोचायला, केसपेपर काढायला आणि डॉक्टरांनी तपासणी लिहायला दोन-तीन दिवस सहज जातात. म्हणून शंका घ्यायची असेल ती चौदाव्या दिवसाच्या भेटीपर्यंत घेऊन टाकावी.

शंका कोणत्या बाळाबद्दल घ्यायची? प्रत्येकाबद्दल नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात २०१९ पासून आणि अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात २०२३ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाची टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून ही तपासणी होते. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. म्हणून निवड करावी लागते. अंगावर ठिपके असलेले बाळ, दोन आठवड्यांनंतरही पिवळे असलेले बाळ, पोट फुगून टणक लागणारे बाळ, झटके येणारे बाळ : ही तर कोणत्याही कारणाने असोत, तातडीने न्यायचीच. त्यांच्यात सीएमव्ही हे अनेकांतील एक कारण असते. दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. कार्डावर तो ३२ च्या खाली लिहिलेला दिसला, तर तेही बाळ दाखवावे. आणि ज्या रुग्णालयात कानाच्या तपासणीचे यंत्र आहे, तिथे जन्मानंतर केलेल्या ‘ओएई’ तपासणीत बाळ अडकले असेल, तर ‘महिनाभराने पुन्हा या’ या निरोपावर थांबू नये. एकवीस दिवसांच्या आत सीएमव्हीचे विचारून घ्यावे. हे शेवटचे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण बाकी काहीही खूण नसलेले बाळ सापडण्याची हीच एक वाट आहे.

निदान झाल्यावर काय? खुणा असलेल्या, म्हणजे मध्यम किंवा गंभीर आजारी बाळांना व्हॅलगॅनसायक्लोव्हिर हे तोंडावाटे द्यायचे औषध सहा महिने देतात. ते पहिल्या महिन्यात सुरू केले तर ऐकण्यात आणि वाढीत काही फायदा होतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दिसले. फायदा बेताचा आहे, गेलेले सगळे परत येत नाही. औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून पहिले काही आठवडे दर आठवड्याला आणि नंतर महिन्याला रक्त तपासावे लागते. घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे औषध हाताळू नये. ठणठणीत दिसणाऱ्या बाळाला हे सरसकट देत नाहीत.

दर आठवड्याचे रक्त म्हणजे मजुरीवर जगणाऱ्या घरासाठी काय, हे आपल्या सेवकांना वेगळे सांगायला नको. एका माणसाची रोजी जाते, थोरली पोरे शेजारी ठेवावी लागतात. म्हणून औषध सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावे की मधली रक्ततपासणी तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात करून अहवाल फोनवर कळवला तर चालेल का. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि ने-आण मिळते. १०२ ची गाडी त्यासाठीच आहे. पीसीआर मात्र बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली जाण्याची शक्यता असते, तेव्हा खर्च आधी विचारून समाजसेवा अधीक्षकांना भेटावे.

एवढे वाचून काहींना वाटेल, आमच्या गावातून एकवीस दिवसांत कोण पोचणार? बरीच बाळे पोचणार नाहीत, हे खरे आहे. म्हणून कानाचा भाग अधिक महत्त्वाचा, कारण तिथे एकवीस दिवसांची मुदत नाही. बहिरेपण कशामुळे आले हे कळले नाही, तरी ते आले आहे हे वेळेत कळले पाहिजे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा खुणांची भाषा, असा जगभरचा दंडक आहे. भाषा शिकण्याची मेंदूची सुगी पहिल्या दोन-तीन वर्षांत असते.

गावात हे उशिरा कळण्याची कारणे मला दोन दिसतात. पहिले, थाळी वाजवून पाहण्याची रीत. थाळी इतकी मोठ्याने वाजते की अर्धे ऐकू येणारे मूलही दचकते, आणि पूर्ण बहिरे मूल हाताची हालचाल पाहून वळते. घरचे निश्चिंत होतात. दुसरे कारण आपल्या आदिवासी भागातले खास. घरी गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलले जाते आणि अंगणवाडीत मराठी. मूल हाकेला उत्तर देत नाही, गाण्यात मागे राहते, तेव्हा ताई म्हणतात, ‘त्याला मराठी समजत नाही अजून.’ हे वाक्य पुष्कळ मुलांच्या बाबतीत खरेही असते, म्हणूनच ते धोक्याचे आहे. बहिरे मूल त्याआड वर्षभर लपून राहते. यावर उपाय म्हणजे मुलाच्या पाठीमागून, त्याच्याच घरच्या बोलीत, हळू आवाजात आजीने किंवा बहिणीने हाक मारणे. दोन्ही बाजूंनी, वेगवेगळ्या वेळी. शंका वाटली तर ही घरगुती परीक्षा पुरेशी नाही, मूल ‘बेरा’ तपासणीला न्यावे. त्यात मूल झोपलेले असताना कानाची नस आवाज पुढे नेते का ते पाहतात.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुले तपासतात. जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहे. पथक येण्याच्या दिवशी शंका असलेले मूल हजर राहील एवढे पाहणे आपल्या हातात आहे. तिथून मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाते. श्रवणयंत्राचा उपयोग होत नसेल अशा लहान मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकते. त्यासाठी वयाची पाच वर्षे उलटण्याआधी पोचावे लागते, आणि शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षे बोलण्याचे शिक्षण घ्यावे लागते. ते जमणार नसेल तर नुसती शस्त्रक्रिया करून उपयोग नाही. आणखी एक : ‘मुका’ हा शब्द आपल्या नोंदींतून काढून टाकावा. गळ्यात दोष नसतो. ऐकू आले नाही म्हणून बोलणे आले नाही.

प्रतिबंधाचे थोडक्यात. सीएमव्हीवर लस नाही. गरोदरपणात रुबेलानेही बाळ बहिरे होते, पण त्याला लस आहे, आणि महाराष्ट्रात २०१८ च्या मोहिमेत शाळाशाळांतून ती दिली गेली. सीएमव्हीसाठी हात धुणे हेच हत्यार. गरोदर बाईने थोरल्याचे दुपटे बदलल्यावर, शी-शू काढल्यावर, नाक-लाळ पुसल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याचा उष्टा घास, उष्टे पाणी टाळावे. पापा घ्यायचा तर कपाळाचा किंवा डोक्याचा घ्यावा, तोंडाचा नको. एका ताटात जेवण्याची आपल्या घरांतली रीत प्रेमाची आहे, ती मोडा असे मी म्हणणार नाही. त्या नऊ महिन्यांपुरते तिचे ताट वेगळे वाढा, इतकेच. गरोदर असलेल्या अंगणवाडी सेविकेलाही हेच लागू. आणि साबण धुण्याच्या जागी नसेल तर हा सारा उपदेश फुकट आहे, तेव्हा आधी साबण आहे का ते पाहावे.

पुढच्या मासिक बैठकीत या पाठावर चर्चा घेताना आपापल्या गावची माता-बाल संरक्षण कार्डे सोबत आणावीत. कार्डावर डोक्याचा घेर लिहिला आहे का? कानाची तपासणी झाली का, की तो रकाना कोराच आहे? आशाताईच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटींत ऐकण्याविषयी काय विचारले गेले? सहाव्या महिन्याला मूल आवाजाकडे वळायला हवे, नवव्याला बा-बा, दा-दा असे बडबडायला हवे, वर्षाला एखादा अर्थाचा शब्द. जी कुटुंबे मिरची तोडणीला तेलंगणात जातात त्यांच्या मुलांची यादी वेगळी काढावी, कारण त्यांच्या या भेटी हमखास चुकतात. निघण्याआधी कार्डाचा फोटो आईच्या किंवा बापाच्या मोबाइलमध्ये काढून द्यावा, आणि शंका असलेल्या मुलाच्या कार्डावर ‘कान तपासणे बाकी’ असे ठळक लिहावे, म्हणजे तिकडच्या आरोग्य केंद्रातही ते कोणाच्या तरी नजरेस पडेल.